‘घरी तर बसली होती, ताण कसला?’

करोनाकाळातल्या कॉलेजच्या मुलांच्या मानसिक त्रासाविषयी कुणी बोललं की एक वाक्य हमखास येतं: ‘घरी तर बसली होती. लोळत लेक्चर, पुस्तक उघडून परीक्षा. ताण कसला आलाय?’ वाशीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे ऐकलंय, नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांकडून ऐकलंय आणि शिक्षकांकडूनही. ‘कोविड बॅच’ तर शिवीसारखं वापरतात.

आधी ‘घरी’ म्हणजे कुठे ते पाहू. नवी मुंबई म्हटलं की लोकांना पाम बीच रोडचे टॉवर दिसतात. इथल्या कॉलेजांत शिकणारी कितीतरी मुलं मात्र कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींतली, सिडकोच्या लहान घरांतली, दिघा-तुर्भ्याच्या झोपडपट्ट्यांतली. एका खोलीत आजी, धाकटी भावंडं, कुकरच्या शिट्ट्या आणि सगळ्यांत मिळून एक स्मार्टफोन. मे 2020 मध्ये संसर्गामुळे वाशीचा एपीएमसी घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. ज्यांचे वडील तिथे माल उतरवायचे, त्या घरात बाजार चालू असला तरी भीती आणि बंद पडला तरी चिंता. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2017-18 मध्ये देशातल्या जेमतेम 24 टक्के घरांत इंटरनेट होतं, संगणक तर 11 टक्क्यांहूनही कमी घरांत. कॅमेरा बंद ठेवणारा प्रत्येक मुलगा झोपलेला नव्हता. कित्येकांना मागची भिंत दाखवायची नव्हती.

आणि ती ‘सोपी परीक्षा’? अंतिम वर्षाचं 2020 जरा आठवा. मार्चच्या मध्यावर कॉलेजं बंद. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं, परीक्षा नाही. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी म्हणाली, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येणार नाही, फार तर मुदत वाढवून मागा. अखेर ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा झाली; त्यातही दूरशिक्षणाचे, म्हणजे आयडॉलचे काही पेपर सायबर हल्ल्याच्या कारणाने पुढे ढकलले गेले. अभ्यास करायचा की नाही हेच पाच महिने ठाऊक नसणं, याला सुट्टी म्हणतात का?

काही मुलं मजेत होती, खरं आहे. नकला झाल्या, गुण फुगले, हेही खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्याचे विकार जगभरात 25 टक्क्यांनी वाढले आणि तरुणांना त्याची झळ जास्त बसली. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या 2019 मध्ये 10,335 होत्या, 2020 मध्ये 12,526 आणि 2021 मध्ये 13,089. त्या वर्षी सर्वाधिक, 1,834, महाराष्ट्रातल्या. यात शाळकरी मुलंही आली आणि प्रत्येक मृत्यूचं कारण करोना होतं असं हा आकडा सांगत नाही. पण ‘ताण कसला’ म्हणणाऱ्याने निदान एकदा तो वाचावा.

‘कॉलेजं उघडली, विषय संपला.’ राज्यातली कॉलेजं 20 ऑक्टोबर 2021 पासून उघडली, जानेवारीत पुन्हा मिटली, मग परत सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा 2022 चा आकडा 13,044. तो 2019 च्या पातळीवर उतरला नाही.

‘आम्ही तणावमुक्तीवर वेबिनार घेतला होता.’ घेतला होता ना! फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट. यूजीसीने एप्रिल 2020 मध्येच विद्यापीठांना मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन आणि समुपदेशनाची सोय करायला सांगितलं होतं. वेबिनार म्हणजे ती सोय नव्हे. शंभर जणांच्या स्क्रीनवर कुणी ‘मला झोप येत नाही’ असं सांगत नसतं. आपल्या वाट्याच्या वीस मुलांना एकेक करून फोन लावणाऱ्या शिक्षकाला ते कळतं. त्या फोनचं सर्टिफिकेट मात्र मिळत नाही.

‘आत्महत्येबद्दल विचारलं तर नसता विचार डोक्यात भरतो.’ भरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर शाळकरी मुलांचा अभ्यास 2005 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना हा प्रश्न विचारला त्यांची अस्वस्थता वाढली नाही. आधीच नैराश्यात असलेल्यांची तर उलट थोडी कमी आढळली. सरळ विचारा.

‘प्रयत्न केला तर पोलीस केस होते.’ 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं असतं. शिक्षा नाही, उपचार.

‘हेल्पलाइन वेड्यांसाठी.’ टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक परीक्षेच्या धास्तीसाठीही आहे.

‘मानसशास्त्राच्या मॅडम आहेत की, वेगळा समुपदेशक कशाला?’ मानसशास्त्र शिकवणं वेगळं आणि समुपदेशन वेगळं. शिवाय अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर कोण मन मोकळं करणार? जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. प्रवेश घेताना पालक लायब्ररी बघतात, कँटीन बघतात. समुपदेशकाची खोली कोणत्या मजल्यावर, तिथे कोण बसतं आणि आठवड्यातले किती दिवस, हेही तिथल्या तिथे विचारून घ्या.