दुकानाची भिंत : मोतिया की राखी?

ईद जवळ आली की अनेक व्यापारी बांधव दुकानाला रंग देतात. शेडकार्डावर मोतिया आणि फिका राखी हे दोन रंग शेजारी शेजारी असतात. दोन्ही जवळपास पांढरेच, म्हणून आपण कोणत्याही एकावर बोट ठेवतो. कापड दुकानदाराने मात्र असे करू नये.

पांढऱ्या रंगात थोडा पिवळा स्टेनर मिसळला की मोतिया होतो, थोडा काळा मिसळला की राखी. मोतिया भिंत उजेडातला निळा भाग थोडा शोषून घेते आणि पिवळसर उजेड परत फेकते. तोच उजेड मालावर पडतो. त्यात लाल, केशरी, बदामी कापड खुलते. निळे, जांभळे मळकट दिसते. दुकान लहान आणि दिवे पिवळे असतील तर हा परिणाम वाढतो. राखी भिंत सर्व रंगांचा उजेड जवळपास सारखाच परतवते, म्हणून कापड आहे तसे दिसते. रंगाईच्या कारखान्यांत शेड जुळवण्याची पेटी असते. तिची आतली बाजू याच कारणाने राखी असते आणि तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे ६५०० केल्विनचा दिवा असतो.

माझ्या दुकानात पूर्वी मोतिया रंग होता. साडीवर ब्लाउजपीस जुळवून नेलेल्या भगिनी दुसऱ्या दिवशी परत येत. "चाचा, दुकानात मॅचिंग होते, घरी वेगळेच निघाले!" माल खरा, दाम खरे, तरी भरोसा गेला. मालाचा ऐब सांगून सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण. भिंतीमुळे रंग बदलून दिसतो हे कळल्यावरही गप्प बसणे मला बरे वाटले नाही.

राखीतही एक उणीव आहे. उजेड कमी असेल तर दुकान उदास दिसते. म्हणून छटा अगदी फिकी घ्यावी, दिवे वाढवावेत आणि चकचकीत रंग टाळावा.

आधी परीक्षा करा. दोन पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. बाजूला कोरा पांढरा कागद धरा, छटा लगेच कळेल. मग निळा आणि लाल तागा समोर ठेवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहा. पसंत पडलेल्या रंगाचे सर्व डबे एकाच लॉटचे घ्या.

घरच्या बैठकीला मोतिया खुशाल द्या. मॅचिंगच्या काउंटरजवळ मात्र राखीच असू द्या.