सेप्टिमा क्लार्क आणि नागरिकत्व शाळा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभा व मोर्चे आठवतात. त्या चळवळीला मतदार मिळवून देणाऱ्या रात्रीच्या वर्गांची आणि ते उभे करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क (१८९८-१९८७) यांची दखल मात्र अभ्यासकांनी उशिराच घेतली.

त्यांचा जन्म साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटनचा. वडील जन्माने गुलाम, आई लोकांचे कपडे धुणारी. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घेत नसत, म्हणून १९१६ मध्ये त्या जवळच्या जॉन्स बेटावर शिकवू लागल्या. तेथे १३२ मुलांना दोन शिक्षिका होत्या. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुले आणि शिक्षिकेचा पगार ८५ डॉलर. क्लार्क यांना मुख्याध्यापकपद सांभाळून ३५ डॉलर मिळत.

१९५६ मध्ये राज्याने कायदा करून एन.ए.ए.सी.पी. या हक्क संघटनेच्या सभासदांना सरकारी नोकरी बंद केली. क्लार्क यांनी सभासदत्व लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. या कायद्याविरुद्ध एकत्र यावे म्हणून त्यांनी सातशेहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे पाठविली. उत्तरे आली २६. त्या शिक्षकांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण त्यांचे घर शाळा मंडळाच्या पगारावर चालत होते, हेही विसरता येत नाही.

पुढच्या कामाचे स्वरूप याच अनुभवातून समजते. साउथ कॅरोलिनात मतदार होण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे, आणि निरक्षर माणूस तेथेच अडे. जॉन्स बेटावरील इसॉ जेन्किन्स आपल्या बसमधील उतारूंना हे उतारे शिकवीत. टेनेसीतील हायलँडर या प्रौढशिक्षण केंद्राच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये.

शिकविण्यासाठी निवडल्या गेल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशरचनाकार, क्लार्क यांच्या नात्यातल्या. प्रशिक्षित शिक्षक मुद्दामच घेतला नाही. तो अडाणी शेतमजुरांना कमी लेखील, ही एक भीती. शिवाय रॉबिन्सन यांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय असल्याने कोणतेही मंडळ त्यांना कामावरून काढू शकत नव्हते. पहिल्या वर्गात १४ प्रौढ होते. काय शिकायचे, हे रॉबिन्सन यांनी त्यांनाच विचारले. कोणाला सही यावी असे वाटे, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. अभ्यासक्रम त्यातूनच तयार झाला. राज्यघटना नंतर आली.

१९६१ पासून हा उपक्रम किंग यांच्या संघटनेकडे गेला आणि दक्षिणेतील राज्यांत हजारो स्थानिक शिक्षक तयार झाले. मिसिसिपीच्या फॅनी लू हॅमर यांनीही हे प्रशिक्षण घेतले होते. संघटनेतील पुरुष नेते मात्र क्लार्क यांना फारसे मोजत नसत. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व स्वतः करू नका, इतरांना पुढे येऊ द्या, असे पत्र त्यांनी किंग यांना लिहिले. क्लार्क यांच्याच सांगण्यानुसार, ते बैठकीत वाचले गेले तेव्हा मंडळी हसली.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरतेच्या चाचण्यांना स्थगिती दिली. क्लार्क यांचे निवृत्तिवेतन राज्याने मंजूर केले ते १९७६ मध्ये, बडतर्फीनंतर वीस वर्षांनी. त्यानंतरही मागील वर्षांच्या थकबाकीसाठी त्यांना पाठपुरावा करावा लागला.