खाडीकांठची खडतर वाट आणि सायकल

भिवंडीचें नांव निघालें कीं मागांचा खडखडाट आठवतो. परंतु कामवारी नदीच्या कांठीं वसलेल्या या शहराबाहेर वसईच्या दिशेस थोडें अंतर गेलें कीं देखावा पालटतो. एका अंगास तुंगारेश्वराचे डोंगर, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचें पाणी समुद्राकडे नेणारी वसईची खाडी, आणि त्यांच्या मध्यें भातखाचरें, मिठागरें व तिवरांची दाटी. या मुलुखांतील पायवाटा माणसांनीं व गुरांनीं पाडिल्या आहेत. अशा वाटेवरून सायकल नेणें म्हणजे अंगांतील जोराची परीक्षा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती परीक्षा जोराची नसून जमिनीशीं राखलेल्या पकडीची असते.

अशा वाटांकरितां ‘माउंटन बाइक’ नांवाची निराळी सायकल असते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण जुन्या जाड धांवांच्या सायकली डोंगरावर नेऊन खालीं उतरवीत. त्यांतून ती निपजली. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळालें.

तिच्यांत विशेष तो काय? पहिली गोष्ट धांवेची. सडकेवरील शर्यतीच्या सायकलीच्या धांवेंत दर चौरस इंचास ९० पौंडांच्या आसपास हवेचा दाब भरतात. डोंगरी सायकलीस ३० पौंड पुरे होतात. स्वार व सायकल मिळून वजन १८० पौंड धरल्यास पहिलीचीं दोन्हीं चाकें मिळून जमिनीस सुमारें २ चौरस इंच टेंकतात, तर दुसरीचीं सुमारें ६ चौरस इंच. नरम धांव दगडावरून उडत नाहीं. ती दगडाचा आकार क्षणभर घेते आणि त्यास धरून राहते. दुसरी गोष्ट दांतेरी चक्रांची. पुढील चक्र ३० दांत्यांचें आणि मागील ५० दांत्यांचें असतां पायटा एकदां पूर्ण फिरला तरी चाक तीन पंचमांशच फिरतें. गति कमी होते, पण चढ सोसवतो.

उतारावर खरी कसोटी लागते. ब्रेक दाबतांच भार पुढील चाकावर जातो. म्हणून थांबविण्याची शक्ति पुढील ब्रेकांत अधिक. पण तोच एकदम आवळल्यास स्वार डोक्यावरून पुढें फेंकला जातो. यास्तव जाणता स्वार बैठकीवरून उठतो, दोन्हीं पायटे समपातळींत ठेवतो, कोपरें व गुडघे सैल सोडतो, अंग मागें व खालीं नेतो आणि ब्रेक हळूहळू दाबतो. नजर चाकापाशीं नव्हे, तर कांहीं हात पुढें असते. चाक फिरत आहे तोंवरच तें वळवितां येतें. तें अडकून घसरूं लागलें कीं सुकाणू निरुपयोगी होतें.

घसरणारें चाक स्वाराइतकाच वाटेचाहि घात करितें. भूमध्य समुद्रांतील माल्टा व गोझो या बेटांच्या किनाऱ्यांवर चुनखडीचा खडक आहे आणि तेथील उन्हाळा कोरडा असतो. येथें काळ्या बसाल्टावर मातीचा थर, आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. ओल्या मातींत अडकलेल्या चाकानें चर पडतो. पुढील सरीचें पाणी त्याच चरांतून धांवतें आणि वाट खोलवर कापून काढतें. तुंगारेश्वरचें वन २००३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तेथें वनखात्याचे नियम पाळावे लागतात, आणि पावसाळ्यांत ओढे अकस्मात् चढतात याचेंहि भान ठेवावें लागतें.

खाडीकांठीं तर प्रश्न याहून नाजुक आहे. तेथील मातीचे बांध हे वाट म्हणून घातलेले नाहींत. खारें पाणी भातशेतींत शिरूं नये म्हणून ते घातलेले आहेत. ओल्या बांधावर पडलेला चर उधाणाच्या पाण्यास आयती वाट देतो. बांध फुटला आणि खारें पाणी शेतांत भरलें कीं एका पिकाची हानि होऊन भागत नाहीं. मातींतील मीठ पावसानें धुऊन निघेपर्यंत शेतकऱ्यास वाट पाहावी लागते.

भरतीची वेळ ओळखण्यास किनाऱ्यावरील लोकांचा जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस सुमारें तीन वाजतां आणि अष्टमीस सुमारें सहा वाजतां पूर्ण भरती येते. खाडींत आंत तीस थोडा उशीर लागतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण मोठें असतें.

म्हणून या मुलुखांत सायकल नेण्यास पाऊस संपून जमीन वाळल्यानंतरचे महिने योग्य. बांध ओला दिसला तर सायकलीवरून उतरून तीहि खांद्यावर घ्यावी, शेतकरी भेटल्यास त्यास विचारावें, आणि त्यानें नको म्हटल्यास परत फिरावें. स्वाराची फेरी एका सकाळीं आटोपते. बांधामागील भातावर मात्र एका घराचें वर्ष अवलंबून असतें.