दलदलीतला मांत्रिक आणि स्मशानातला वेताळ

संगणकावरील अद्भुत खेळांत एक मुलूख हटकून आढळतो. धुक्याने भरलेली दलदल, पाण्यावर फिरणारे दिवे आणि मधोमध प्रेते उठवणारा मांत्रिक! शुक्रवार पेठेतल्या आमच्या मित्रमंडळींत या मांत्रिकावरून बरीच खडाजंगी झाली. दलदल आधीच शापित होती म्हणून तो तेथे आला, असा एक पक्ष. तो आला म्हणून ती शापित झाली, असा दुसरा. मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. मांत्रिकाला राहायला दलदलच का लागते?

याचे उत्तर युरोपच्या भूगोलात आहे. तेथील थंड, ओल्या प्रदेशांत दलदली पुष्कळ. चिखलात हवेवाचून कुजणाऱ्या वनस्पतींतून वायू निघतो. इटलीच्या व्होल्टाने १७७६ साली तो तळ्यातून गोळा केला आणि तो पेटतो हे दाखवले. तोच मिथेन. अशा जागी रात्री दिसणाऱ्या दिव्यांना लोकांनी मृतात्मे मानले. पुढे टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५४ सालच्या दुसऱ्या खंडात मृतांची दलदल रंगवली. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो स्वतः सैनिक होता आणि त्या रणभूमीचे काही ऋण या वर्णनावर आहे, असे त्यानेच पत्रात लिहिले आहे.

आपल्याकडे दलदल कुठली? सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख. येथले साचलेले पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदविला, असे परंपरा सांगते. ज्या पाण्यावर गाव जगले, तेथे शाप कोण वसवील? बुडून मेलेल्याचा गिऱ्हा सोडला, तर आपली भुते बहुधा कोरड्यावरच राहतात. मुंजा पिंपळावर, वेताळ स्मशानात.

आणि वेताळपंचविशीची गंमत पाहा. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ही कथा गुंफली. साधूच्या सांगण्यावरून राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो; प्रेतातला वेताळ त्याला कोडी घालतो. शेवटी वेताळच राजाला सावध करतो, की हा साधू सिद्धीसाठी तुझाच बळी देणार आहे. म्हणजे कथेतला खलनायक भूत नव्हे, तर भुताचा उपयोग करू पाहणारा जिवंत माणूस! कोकणात आरवलीला तर हाच वेताळ 'वेतोबा' होऊन गावाची राखण करतो; रात्री फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भाविक त्याला नव्या वाहतात.

तेव्हा माझे मत दुसऱ्या पक्षाला. जागा आपोआप शापित होत नाही. तिला कोणीतरी शापित ठरवतो, आणि त्यात त्याचा लाभ असतो.

खेळात हा वाद मौजेचा आहे. परंतु करणी-भानामतीच्या नावाखाली खऱ्या माणसांना नाडले जाते, तेव्हा तो मौजेचा राहत नाही. त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. भुताला शिक्षा करण्याची तरतूद मात्र त्यात नाही. शिक्षा आहे ती मांत्रिकाला. हे वेताळाने राजाला केव्हाच सांगितले होते.