दिवाळीची पणती आणि विशेष मुलांचा वर्ग

दिवाळी जवळ आली की विशेष मुलांच्या शाळा पणत्या, आकाशकंदील आणि उटण्याच्या पुड्या विक्रीस मांडतात. आपण जातो, दोन पणत्या घेतो, ‘बिचाऱ्यांनी किती छान केल्या!’ म्हणतो आणि घरी येतो. ही पणती वर्गात कशी घडते, कशासाठी घडवतात आणि तिच्या पैशांचे पुढे काय व्हावे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आम्ही शिक्षणशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेव्हा हा विषय आम्ही कामाच्या बाजूने मांडणार, हे उघड आहे.

ज्यांना पूर्वी सर्रास मतिमंद म्हणत, त्या बौद्धिक दिव्यांग मुलांविषयी हे विवेचन आहे. अशा मुलांना शिकवून काय होणार, हा प्रश्न जुना आहे. हॉर्मसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याने १९४४ साली मुंबईत आपल्या मुलीसाठी शाळा काढली. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू झाली. या शाळांनी त्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. मूल शिकते, मात्र त्याला शिकवावयाची रीत निराळी असते.

ती रीत पणतीवरूनच पाहू. ‘पणती रंगव’ ही आपल्याला एक आज्ञा वाटते. पण तिच्यात आठ-दहा कामे दडलेली असतात. पणती उचलणे, फडक्याने पुसणे, डाव्या हातात धरणे, कुंचला बुडवणे, जादा रंग कडेला निथळू देणे, काठावरून कुंचला फिरवणे आणि पणती वाळत ठेवणे. शिक्षिका या पायऱ्या वेगळ्या करते आणि एकेक शिकवते. पुष्कळदा ती शेवटच्या पायरीपासून आरंभ करते. आधीचे सगळे ती स्वतः करते आणि रंगवलेली पणती फळीवर ठेवण्याचे काम मुलाला देते. यातले मर्म असे की, काम पुरे झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक पायरी मागे येत त्याच्या हाती सोपविली जाते.

दुसरी युक्ती साच्याची. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा पणत्या भरावयाच्या आहेत आणि मुलाला सहापर्यंत मोजता येत नाही. तेव्हा सहा खळगे असलेली फळी त्याच्यापुढे ठेवतात. खळगे भरले की हिशेब बरोबर! उटण्याच्या पुडीसाठी एकच ठरलेले माप. ते काठोकाठ भरून पट्टीने सपाट केले की वजनाचा प्रश्न मिटला. कारखान्यात छिद्रे पाडणारा कुशल कामगारही साचा लावूनच काम करतो आणि त्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नाही. साधन माणसाला जुळवून घ्यावे, माणूस साधनाला नव्हे, हा कामगारांचा जुना आग्रह या वर्गात रोज पाळला जातो.

सणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. रोजचा क्रम हाच या मुलांपैकी अनेकांचा आधार असतो. सुटीत तो मोडतो. घरात पाहुणे येतात, जेवणाच्या वेळा बदलतात, फटाके वाजतात. स्वमग्न मुलाला तो आवाज नुसता नकोसा वाटत नाही, कधी कधी असह्य होतो. म्हणून जाणत्या शाळा सुटीआधीच चित्रांची दिनदर्शिका करतात. आज शाळा, उद्या शाळा, मग उटणे, मग फराळ, आणि शेवटी पुन्हा शाळेचे चित्र. रोज एक चित्र खोडावयाचे. सुटीत घरी एकच ठराविक काम द्यावे. तुळशीपाशी दिवा ठेवणे, ताटे मांडणे, ठिपक्यांच्या कागदावरून रांगोळी काढणे, यांपैकी कोणतेही. ते रोज त्याच वेळी व्हावे. नाहीतर वर्गातले शिकलेले सुटीत विसरले जाते.

आता पैशांचा प्रश्न. एखाद्या कंपनीने हजार पणत्या मागविल्या की शाळेला आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मागणी पुरी करण्याच्या घाईत शिकवणे बाजूला पडले, ज्याचा हात चालतो त्यालाच राबविले आणि ज्याचा चालत नाही त्याला कोपऱ्यात बसविले, तर तो वर्ग राहिला नाही, कारखाना झाला. बालकामगारविरोधी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर, थोडे अपवाद वगळता, १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात लावता येत नाही. मूल दिव्यांग आहे म्हणून हा नियम सैल होत नाही. शाळेतली पणती शिकण्यासाठी आहे. विक्रीचा जमाखर्च पालकांना दिसावा. आणि कार्यशाळेत काम करणाऱ्या प्रौढाला शाबासकीबरोबर मोबदलाही मिळावा.

जासईच्या पंचक्रोशीला हे अधिक लागू आहे. पूर्वी आपल्याकडे शेत होते, मिठागर होते, खाडी होती. मंदगतीच्या मुलालाही गुरे राखणे, पेंढ्या वाहणे, जाळे वाळत घालणे असे काही काम घरातच सापडे. १९७० पासून नव्या शहरासाठी आणि पुढे बंदरासाठी जमिनी गेल्या. दि. बा. पाटील यांच्या या गावाने जानेवारी १९८४ चा लढा पाहिला; त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. जमिनीच्या मोबदल्याचा हिशेब आपण मांडला. पण जमिनीबरोबर या मुलाचे जे काम गेले, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. १९८९ साली सुरू झालेल्या बंदराभोवती आज गोदामेच गोदामे आहेत. तेथे खोकी भरणे, चिठ्ठ्या चिकटविणे, मोजून लावणे ही कामे आहेत. सहा खळग्यांची फळी नेमकी तेथेच उपयोगी पडेल.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. एकोणिसाव्या वर्षी त्याने कोठे जावयाचे, हा आईबापांना झोपू न देणारा प्रश्न आहे. तेव्हा यंदा पणती घेताना ती उलटून पाहा, रंग नीट बसला आहे का ते तपासा, चांगली असेल तर पुऱ्या किमतीला घ्या, वाईट असेल तर तसे सांगा. कामाची पारख होणे हा काम करणाऱ्याचा मान आहे. आणि ज्यांच्या हाती गोदामाच्या नोकऱ्या आहेत त्यांनी शाळेत जाऊन, पुढच्या वर्षी कोण अठरा पुरे करतो, एवढे विचारावे.