अंमल कोणाचा?

‘अंमल’ हा शब्द मराठीने सरकार आणि गुत्ता या दोघांनाही बहाल केला आहे. राज्याचा अंमल बसतो, मद्याचा चढतो. बायकोस मारहाण करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबानी देताना “साहेब, शुद्धीत नव्हतो” असे जे सांगतो, त्यात आपण त्या रात्री परक्या अंमलाची रयत होतो, सबब कसूर आपला नव्हे, असाच त्याचा अर्ज असतो. आणि नवल हे की, सुजल्या डोळ्यावर पदर धरून उभी असलेली त्याची पत्नीही “एरवी गाय आहेत हो” असे म्हणून त्या अर्जावर शिक्कामोर्तब करते.

मद्यार्क विवेकाचा लगाम सैल करतो, समोरची चिथावणी तेवढी दिसते व पुढचे परिणाम दिसेनासे होतात, हे शास्त्राचे म्हणणे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुत्त्यातून निघालेला हाच गृहस्थ वाटेत मुकादम भेटला तर अंग चोरून रामराम करतो, फौजदाराची गाडी दिसताच सदऱ्याच्या गुंड्या लावतो, आणि उंबरठा ओलांडल्यावर मात्र भाकरी गार झाली एवढ्या निमित्ताने ताट भिरकावतो. माणूस पाहून हरपणाऱ्या या शुद्धीला हरपली तरी कसे म्हणावे? मॅकअँड्र्यू व एजर्टन या अमेरिकन संशोधकांनी नाना समाजांतील मद्यपानाच्या नोंदी पडताळून १९६९ मध्ये हेच मांडले की, धुंदीत कसे वागावे हेही मनुष्य आपल्या समाजाकडूनच शिकतो.

कायदा या सबबीला फारसा भुलला नाही. स्वखुशीने प्यालेल्यास शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असे धरून चालावे, हे १८६० च्या दंड संहितेने कलम ८६ मध्येच सांगून ठेवले होते. २०२४ मध्ये अंमलात आलेल्या न्याय संहितेत ती तरतूद कलम २४ वर गेली, आणि ८५ व ८६ हे मोकळे झालेले आकडे, योगायोग पाहा, पतीकडून होणाऱ्या क्रूरतेच्या वाट्याला आले.

आपल्याकडे गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद पाडले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, ज्यांचे पती वारंवार झिंगून येतात त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. ज्यांचे पती मद्यास शिवतही नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के होते.