फुगूनही न फुटणारं सिलिकॉन

मोबाइलची बॅटरी दोन-तीन वर्षांत लवकर का उतरू लागते? चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ऋणाग्रातल्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात; फोन वापरताना ते धनाग्राकडे परततात. या ये-जा करण्यात इलेक्ट्रोड झिजतात आणि काही लिथियम कायमचं अडकून पडतं.

ग्राफाइटऐवजी सिलिकॉन घेतलं, तर तेवढ्याच वजनात सुमारे १० पट लिथियम मावतं. पण भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं ते फुगतं, तेही जवळपास चौपट! लिथियम बाहेर पडलं की पुन्हा आक्रसतं. काही फेऱ्यांतच त्याला तडे जातात आणि सुटे पडलेले तुकडे निकामी होतात.

यावर २००८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई यांच्या गटाने सुंदर उपाय दाखवला. त्यांनी पोलादी पत्र्यावर सिलिकॉनच्या नॅनोतारा वाढवल्या. तारांमधल्या मोकळ्या जागेमुळे फुगायला वाव मिळाला. शिवाय इतक्या बारीक तारेत ताण साचून तडा जात नाही आणि प्रत्येक तार थेट पत्र्याला जोडलेली असल्याने विजेची वाट तुटत नाही.

मात्र नॅनोरचनेत पृष्ठभाग वाढतो, तशा इलेक्ट्रोलाइटशी, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाशी, होणाऱ्या नकोशा अभिक्रियाही वाढतात. म्हणून सध्या बऱ्याच बॅटऱ्यांत ग्राफाइटमध्ये थोडंच सिलिकॉन मिसळलं जातं.